स्कूपच्या मागे काय आहे?

17 एप्रिल 1964 रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात फोर्डने मस्टँग लोकांपुढे आणली. तिच्या दोन्ही कुशींवर दारापासून मागच्या चाकाकडे जाणारी एक लांबट खोबण होती आणि ती जिथे संपते तिथे हवा आत घेणाऱ्या तोंडाचा, म्हणजे स्कूपचा, आकार काढला होता. या आकाराला पूर्वज होता. 1962 साली फोर्डने मस्टँग याच नावाची एक छोटी दोन आसनी प्रायोगिक गाडी बनवली होती. तिचे इंजिन आसनांच्या मागे होते, रेडिएटर दोन्ही बाजूंना होते आणि कुशीवरची तोंडे त्या रेडिएटरांना खरोखर हवा पुरवत होती. विक्रीच्या मस्टँगचे रूप ज्यांच्या देखरेखीखाली ठरले त्या जो ओरोस यांनीही आपल्या चमूला सुरुवातीलाच सांगून ठेवले होते की मागचे ब्रेक थंड करण्यासाठी बाजूला हवेची तोंडे हवीत. शोरूममध्ये 2,368 डॉलरला जी साधी मस्टँग मिळू लागली तिला सहा सिलिंडरचे 101 अश्वशक्तीचे इंजिन होते, चारही चाकांना ड्रम ब्रेक होते आणि कुशीवरच्या त्या तोंडामागे सलग पत्रा होता. ब्रेक थंड करण्याची कल्पना कागदावरून पत्र्यापर्यंत येईतो तिच्यातली हवा निघून गेली आणि आकार तेवढा उरला.

पुढची काही वर्षे अमेरिकन मसल कारच्या, म्हणजे मोठ्या ताकदवान इंजिनांच्या गाड्यांच्या, अंगावर हा आकार वाढतच गेला. 1967 च्या मस्टँगवर मागच्या चाकाअलीकडे दोन-दोन तोंडे आली, 1969 ला खिडकीमागे मोठा फुगवटा आला. दोन्ही बंद. 1968 च्या डॉज चार्जरच्या दारांत खोट्या झरोक्यांचे ठसे होते. 1969 च्या कॅमॅरोच्या मागच्या मडगार्डवर, चाकाच्या अगदी पुढे, माशाच्या कल्ल्यांसारख्या उभ्या रेषा दाबून काढल्या होत्या. डॉज सुपर बीला मागच्या मडगार्डवरचे स्कूप जादा पैसे देऊन बसवून घेता येत. 1970 च्या प्लिमथ रोड रनरवर तर पुढून धुळीचा लोट काढत धावणाऱ्या पक्ष्याचा पट्टा होता आणि तो पट्टा मागच्या बंद स्कूपपाशी येऊन थांबत असे. याच काळात काही गाड्यांचे स्कूप खरे होते, त्यांच्यामागे नळी होती आणि ती ब्रेकपर्यंत जात होती. त्यामुळे जुन्या गाड्यांच्या शौकिनांत एक प्रश्न नेहमी विचारला जातो: अमुक गाडीचा स्कूप खरा की शोभेचा? उत्तर बहुधा स्कूपच्या तोंडात बोट घालून दिले जाते. आत भोक असेल तर खरा, पत्रा लागला तर खोटा. ही कसोटी मला अपुरी वाटते. ब्रेकच्या स्कूपची परीक्षा तोंडाकडून करायची नसते, ती दुसऱ्या टोकाकडून, म्हणजे ब्रेककडून करावी लागते. त्या ब्रेकला जादा हवा हवी आहे का, आलेली हवा त्याच्या तापलेल्या भागाला लागते का आणि लागून झाल्यावर तिला बाहेर पडायला वाट आहे का, हे पाहिले की त्या काळातले पुष्कळसे ‘खरे’ स्कूपही अर्धेच खरे ठरतात, आणि ब्रेक थंड करण्याचे खरे काम भलत्याच ठिकाणी, कोणाच्या नजरेत न भरता चाललेले दिसते.

आधी उष्णतेचा हिशेब करू. गाडी थांबवणे म्हणजे तिच्या गतीतली सगळी ऊर्जा उष्णतेत बदलून लोखंडात भरणे. 1964 ची पॉन्टियाक जीटीओ, जिच्यापासून मसल कारचा काळ मोजतात, साधारण 1,600 किलोची होती. ताशी 100 किलोमीटरवर तिच्यात सुमारे 0.6 मेगाज्यूल ऊर्जा असते, 160 वर सुमारे 1.6. वेग दीडपटीपेक्षा थोडा जास्त वाढला, पण उष्णता अडीचपट झाली. ब्रेक दाबताच गाडीचे वजन पुढे झुकते. जड व्ही-8 इंजिन मुळातच पुढे असल्याने जोराच्या ब्रेकिंगमध्ये जवळजवळ 70 टक्के भार पुढच्या चाकांवर येतो. म्हणजे 160 वरून थांबताना पुढच्या दोन ब्रेकांत सुमारे 1.1 मेगाज्यूल उष्णता जाते. प्रत्येकी दहा किलो ओतीव लोखंड धरले तर एका थांबण्यात त्यांचे तापमान साधारण 120 अंशांनी चढते. या थांबण्याला सहा-सात सेकंद लागतात. तेवढ्या वेळात वाऱ्याने किती उष्णता वाहून नेली, याचा अंदाज केला तर शंभरातले जेमतेम दोन-तीन भाग हाती लागतात. बाकी सगळी लोखंडातच राहते. एकदाच ब्रेक लावून गाडी थांबवायची असेल तर जगातला सर्वोत्तम स्कूपही जवळजवळ निरुपयोगी असतो. तिथे लोखंडाचे वजन कामाला येते, वारा नाही.

स्कूपची गरज सुरू होते ती दुसऱ्या, तिसऱ्या, दहाव्या वेळी. मागची उष्णता निघून जाण्याआधी पुढची येऊन पडते आणि तापमान पायरीपायरीने चढत जाते. ड्रम ब्रेकमध्ये याचे परिणाम फार वाईट होतात. तापलेला ड्रम फुगून लायनरपासून दूर सरकतो, त्यामुळे पेडल खोल जाऊ लागते. लायनरची पकड घटते, आणि उष्णता व्हील सिलिंडरपर्यंत पोचली की ब्रेक ऑइल उकळून नळ्यांत वाफ धरते. डॉट 3 प्रतीचे ताजे ऑइल किमान 205 अंशांपर्यंत उकळू नये असा नियम आहे. ओलावा शोषलेल्या जुन्या ऑइलसाठी हीच मर्यादा 140 अंशांवर येते. चारही चाकांना ड्रम असलेली प्रीमियर पद्मिनी घेऊन ज्यांनी खंडाळ्याचा घाट वरच्या गिअरमध्ये उतरला असेल त्यांना खोल जाणारे पेडल समजावून सांगायला नको. शर्यतीच्या वळणावळणाच्या मार्गावर दर अर्ध्या मिनिटाला हेच घडते, तेही दीडशेच्या वेगावरून. अशा वेळी ब्रेकचे तापमान शेवटी कुठे स्थिरावेल हे वाऱ्यावर ठरते. वारा दुप्पट उष्णता काढू लागला तर सभोवतालच्या हवेपेक्षा ब्रेक जितका जास्त तापलेला असतो तो फरक जवळपास निम्म्यावर येतो. खऱ्या स्कूपची कमाई ती हीच. पण बहुतेक मसल कार बनल्या त्या सरळ रस्त्यासाठी आणि ड्रॅग शर्यतीसाठी. ड्रॅग शर्यतीत 402 मीटर सुसाट जायचे, शेवटी एकदा ब्रेक लावायचा आणि मग पुढच्या पाळीची वाट पाहत उभे राहायचे. तिथे ब्रेकच्या स्कूपला कामच नाही.

आता हवेकडे वळू. बॉनेटवरचा स्कूप आणि ब्रेकचा स्कूप यांच्यात एक मोठा फरक आहे आणि तो सहसा लक्षात घेतला जात नाही. इंजिन स्वतः हवा ओढते. 6.4 लिटरचे जीटीओचे इंजिन मिनिटाला 5,000 फेऱ्यांवर तितक्याच वेळात सोळा हजार लिटरच्या आसपास हवा गिळते. तोंड जरा चुकीच्या जागी असले तरी ते ती खेचून घेते. ब्रेक असे काही ओढत नाही. त्याच्याकडे हवा ढकलावी लागते, आणि ढकलण्यासाठी असतो फक्त गाडीच्या वेगामुळे येणारा दाब. ताशी 100 वर हा दाब फार तर 460 पास्कल, म्हणजे वातावरणाच्या दाबाचा अर्धा टक्कासुद्धा नाही. 40 वर तो आणखी सहापट कमी. एवढ्याशा दाबावर हवा नळीतून, वळणांतून न्यायची असेल तर तोंड अशा जागी हवे जिथे हा दाब पूर्ण मिळतो. ती जागा गाडीचे नाक, त्यातही बंपरच्या खालचा भाग. कुशीवरून वारा समांतर वाहतो आणि तिथला दाब बऱ्याच ठिकाणी सभोवतालच्या हवेपेक्षा कमी असतो, त्यामुळे सपाट पत्र्याला नुसते भोक पाडले तर हवा आत येण्याऐवजी बाहेर ओढली जाऊ शकते. शिवाय पत्र्याला लागून मंदावलेल्या हवेचा एक थर असतो. गुळगुळीत सपाट पत्रा धरून हिशेब केला तरी ताशी शंभराच्या आसपासच्या वेगाला तीन मीटर मागे हा थर चार-पाच सेंटिमीटर जाड भरतो, आणि प्रत्यक्षात पुढच्या चाकाने घुसळलेली हवा तिथे असते. या थराच्या बाहेर डोके काढणारा स्कूपच काही मिळवू शकतो. कॅमॅरोचे कल्ले किंवा पहिल्या मस्टँगची खोबण भोके पाडून उघडली असती, तरी त्यांच्या वाट्याला हीच थकलेली हवा आली असती.

तोंडाची दिशासुद्धा पाहावी लागते. 1969 ची डॉज चार्जर डेटोना आणि 1970 ची प्लिमथ सुपरबर्ड यांच्या पुढच्या मडगार्डांवर स्कूप आहेत आणि ते ब्रेक थंड करण्यासाठी आहेत असे वर्षानुवर्षे सांगितले जाते. त्यांची तोंडे मागे आहेत. पुढे जाणाऱ्या गाडीवर मागे तोंड असलेला स्कूप हवा आत घेऊ शकत नाही, फार तर बाहेर सोडू शकतो. शर्यतीच्या गाडीत त्यांच्याखाली मडगार्डला भोक पाडलेले असे, कारण गाडी जमिनीला इतकी टेकवून बसवलेली असे की टायरला वर सरकायला जागा लागे.

समजा जागा बरोबर आहे आणि तोंडही पुढे आहे, तरी निम्मेच काम झाले. हवा पोचवायची कुठे? डिस्क ब्रेकचे उत्तर सोपे आहे. हवा खेळती राहण्यासाठी पोकळ ठेवलेली डिस्क फिरताना पंख्यासारखे काम करते, मधून हवा घेते आणि कडेने बाहेर फेकते. म्हणून नळीचे टोक डिस्कच्या आतल्या बाजूने, बरोबर मध्यावर आणून सोडावे लागते. ते नुसते एका पृष्ठभागावर रोखले तर ती बाजू थंड आणि दुसरी तापलेली राहून डिस्क वाकडी होण्याचा धोका असतो. ड्रमचे उत्तर अवघड आहे. घर्षण होते ते ड्रमच्या आतल्या भिंतीवर, आणि आतली बाजू मागच्या पत्र्याने झाकलेली असते. बाहेरून कितीही वारा घाला, तो ड्रमच्या पाठीला लागतो, तापलेल्या पोटाला नाही. आत हवा घालायची तर त्या मागच्या पत्र्याला भोके पाडावी लागतात, आणि मग त्याच वाटेने पाणी आणि माती आत येते. ओला ड्रम पहिल्या काही क्षणांत धरतच नाही. मसल कारचे मागचे ब्रेक जवळजवळ सगळे ड्रमचे होते, आणि शोभेचे स्कूप जवळजवळ सगळे मागच्या चाकाअलीकडे होते. म्हणजे ज्या ब्रेकांवर 30 टक्केच काम पडते आणि ज्यांच्या पोटात वारा जाऊ शकत नाही, त्यांच्यासाठी सगळी तोंडे. आणि 70 टक्के काम करणाऱ्या पुढच्या ब्रेकांसाठी एकही नाही. सजावटीचा याहून स्पष्ट पुरावा मला सापडत नाही. डिझायनरने जागा निवडली ती गाडी बाजूने पाहणाऱ्याच्या डोळ्यांसाठी.

ज्यांना ब्रेक खरोखर थंड करायचे होते त्यांनी काय केले, हे मस्टँगवरून वेगवान गाड्या बनवणाऱ्या कॅरोल शेल्बी यांच्या गाड्यांवर नीट वाचता येते. 1965 च्या शेल्बी जीटी350 ला पुढे केल्सी-हेज कंपनीचे डिस्क ब्रेक होते आणि मागे दहा इंची रुंद ड्रम, धातुमिश्रित लायनरचे. त्या वर्षीच्या रस्त्यावरच्या गाडीला कुशीवर स्कूप नव्हता. तिच्याच शर्यतीच्या आवृत्तीचा, जिला आर मॉडेल म्हणतात, पुढचा बंपर काढून फायबर ग्लासचा खालचा भाग बसवला होता. त्यात मधोमध एक मोठे तोंड आणि दोन्ही बाजूंना पुढच्या ब्रेकसाठी एकेक साधे भोक. ना चकाकी, ना नक्षी. दाब सर्वांत जास्त मिळतो तिथून हवा घ्यायची आणि काम सर्वांत जास्त असलेल्या ब्रेकला द्यायची, एवढाच विचार त्यामागे दिसतो. 1966 ला रस्त्यावरच्या जीटी350 वर कुशीचे स्कूप आले. ते मागच्या ब्रेककडे हवा नेत होते, म्हणून खरेच. पण माझ्या लेखी त्यांचा क्रमांक आर मॉडेलच्या त्या दोन भोकांच्या बराच खाली लागतो, कारण मागचा ब्रेक मुळात कमी तापतो आणि त्याचा ड्रम बंद असतो. 1967 च्या शेल्बीत साध्या मस्टँगच्या बंद तोंडांच्या जागी मागच्या ब्रेकसाठी उघडा स्कूप बसला, तर खिडकीमागचा वरचा स्कूप आतली कोंदट हवा बाहेर काढण्यासाठी होता. 1969 च्या शेल्बीत मात्र पुढच्या मडगार्डांवरही पुढच्या ब्रेकसाठी तोंडे आली. त्याच वर्षी फोर्डने ट्रान्स-अ‍ॅम शर्यतमालिकेसाठी बॉस 302 मस्टँग काढली. वळणांच्या मार्गावर ब्रेकचा कस पाहणारी ही गाडी. लॅरी शिनोडा यांनी तिचे रूप ठरवताना साध्या मस्टँगच्या खिडकीमागचे ते फुगीर खोटे स्कूप काढूनच टाकले. 1970 ची ट्रान्स-अ‍ॅम स्पर्धा फोर्डने याच गाडीवर जिंकली. ब्रेकवर सर्वांत जास्त भार टाकणाऱ्या मस्टँगवर ब्रेकचा दिखाऊ स्कूप नव्हता, ही गोष्ट मला बोलकी वाटते.

आणखी बोलकी गोष्ट पॉन्टियाकची. 1960 ते 1968 या काळात पॉन्टियाक आपल्या मोठ्या गाड्यांसाठी आठ नटांचे एक चाक जादा पैशांत देत असे. वरवर पाहता ते निव्वळ देखणे चाक वाटते. प्रत्यक्षात त्याचा मधला भाग म्हणजेच ब्रेकचा ड्रम होता: बाहेरून अ‍ॅल्युमिनियम, त्यावर उभ्या पात्या, आत लोखंडी अस्तर, आणि चाकाची रिम थेट त्या ड्रमवर कसलेली. नेहमीच्या गाडीत ड्रम चाकाच्या आड लपलेला असतो, इथे तो उघड्यावर वाऱ्यात फिरत होता. अ‍ॅल्युमिनियम ओतीव लोखंडाच्या तीन-चार पट वेगाने उष्णता वाहून नेते, त्यामुळे पोटातली उष्णता पाठीवर लवकर येते आणि पात्यांवरून निघून जाते. ड्रमच्या पोटात वारा घालता येत नाही, ही अडचण उष्णतेलाच बाहेर आणून सोडवली होती. स्कूप नाही, नळी नाही, तोंड नाही. आणि याच कंपनीच्या 1964 च्या जीटीओला, 325 अश्वशक्तीच्या गाडीला, चारही चाकांना साडेनऊ इंची साधे लोखंडी ड्रम होते. ते आठ नटांचे चाक तिच्यासाठी मिळत नव्हते, पुढचे डिस्क ब्रेक घेण्याची सोय 1967 पर्यंत नव्हती, आणि बॉनेटवरचे दोन स्कूप बंद होते. ब्रेक थंड करायचे कसे हे कंपनीला ठाऊक होते. ते ज्ञान जिथे सर्वांत जास्त हवे होते तिथे वापरले गेले नाही. शेव्हरोलेनेही कॉर्व्हेटसाठी 1957 पासून शर्यतीच्या ब्रेकचा संच ठेवला होता. त्यात पात्यांचे ड्रम होते, पुढून हवा घेणाऱ्या नळ्या होत्या आणि मागच्या ब्रेककडे जाणारी हवा दाराखालच्या पोकळ पट्टीतून नेलेली होती. बाहेरून पाहणाऱ्याला यातले काहीच दिसत नसे.

यावर पहिला आक्षेप येतो तो शर्यतीच्या बाजूने. बंद स्कूप म्हणजे झोपलेला स्कूप, असे म्हणणारे बरेच आहेत: नियमाप्रमाणे शर्यतीच्या गाडीचे अंग विक्रीच्या गाडीसारखेच हवे, म्हणून कंपनीने आकार देऊन ठेवला, ज्याला गरज असेल त्याने पत्रा कापून तो जागा करावा. बॉनेटच्या बाबतीत हे खरे आहे. 1965 ला पॉन्टियाकने जीटीओचे बॉनेटवरचे स्कूप उघडून कार्ब्युरेटरला जोडण्याचे सामान विक्रेत्यांकडे ठेवले होते. ब्रेकच्या स्कूपला मात्र हा युक्तिवाद लागू होत नाही. मस्टँगच्या मागच्या मडगार्डचा पत्रा कापला तर पलीकडे ब्रेक नसतो, तिथे काच खालीवर करणारी यंत्रणा आणि चाकावरचा आतला पत्रा असतो. कोनाडा फोडला म्हणून खिडकी होत नाही, त्यासाठी पलीकडे मोकळे आकाश लागते. त्या आतल्या पत्र्याला आणखी एक भोक पाडून नळी न्यावी लागेल, मागचा सलग अ‍ॅक्सल खालीवर होताना ती घासणार नाही अशी बांधावी लागेल आणि ड्रमपाशी नेऊन सोडावी लागेल. इतके करून मिळणार काय, तर मंदावलेली हवा आणि तीही ड्रमच्या पाठीला. उलट पावसात गंजाला मात्र आमंत्रण. म्हणून कंपनीच्या अभियंत्यांनी ती तोंडे बंद ठेवली हे योग्यच केले, असे मी म्हणेन. माझी तक्रार तोंड बंद असण्याबद्दल नाही. उपयोग नाही हे कळल्यावरही तोंडाचा आकार ठेवला गेला आणि त्याच पैशांत पुढच्या चाकांना बरे ब्रेक दिले गेले नाहीत, ही तक्रार आहे.

दुसरा आक्षेप जास्त विचार करण्यासारखा आहे: रोजच्या रस्त्यावर ब्रेक इतके तापतच नाहीत, तर थंड करण्याची चिंता कशाला? यात तथ्य आहे, आणि त्याची एक उलट बाजूही आहे. जास्त थंड ब्रेकही वाईट असतो. 1966 मध्ये हर्ट्झ कंपनीने भाड्याने देण्यासाठी हजारभर शेल्बी जीटी350 घेतल्या. त्यांच्या डॅशबोर्डवर सूचना चिकटवलेली असे, की या गाडीला स्पर्धेचे ब्रेक आहेत, पेडल नेहमीपेक्षा जोरात दाबावे लागेल. धातुमिश्रित लायनर थंड असताना नीट धरत नाही, त्याला काम करायला ऊब लागते. अमेरिकेतल्या नॅसकार शर्यतींचे संघही तोंडांवर पट्टी लावून ब्रेकला जाणारी हवा मार्गाप्रमाणे कमीजास्त करत आले आहेत. लांब मोठ्या मार्गावर ब्रेक क्वचित लागतो तिथे तोंड जवळपास बंद, मार्टिन्सव्हिलसारख्या छोट्या मार्गावर फेरीला दोनदा जोराने ब्रेक लागतो तिथे जितकी मिळेल तितकी हवा. कारण आत घेतलेली हवा फुकट येत नाही, गाडीला तेवढा अडथळा होतो. खऱ्या स्कूपचे माप गरजेप्रमाणे बदलते, हीच त्याची खूण. शोभेच्या स्कूपचे माप कुशीच्या रेषेला काय शोभते त्यावर ठरते. मग रस्त्यावरच्या गाडीला स्कूप नको हे मान्य, पण मान्य केल्यावर निष्कर्ष इतकाच निघतो की तिला मोठे ड्रम, डिस्क, चांगले लायनर हवे होते. 325 अश्वशक्तीच्या गाडीला डोंगरातून उतरताना लागणारे ब्रेक रोजचे ब्रेक नसतात, आणि ती गाडी विकताना तिचा वेगच पुढे केला जात होता.

तिसरा आक्षेप सौंदर्याचा: गाडी म्हणजे केवळ यंत्र नव्हे, सजावट करण्यात वाईट काय? काहीच नाही. क्रोमची पट्टी, रंगाचा पट्टा हे कोणत्याही कामाचा दावा करत नाहीत. 1963 च्या कॉर्व्हेटच्या बॉनेटवरच्या खोट्या जाळ्या पुढच्याच वर्षी काढून टाकल्या गेल्या, मडगार्डवरच्या बंद फटी 1965 ला उघड्या झाल्या. त्या खोट्या होत्या तोवरही कोणाचा जीव त्यांवर अवलंबून नव्हता. ब्रेकच्या स्कूपचे तसे नाही. तो पाहणाऱ्याला सांगतो की या गाडीचे ब्रेक इतके काम करतात की त्यांना जादा हवा लागते, आणि ती सोय आम्ही केली आहे. हे गाडीच्या सर्वांत दुबळ्या अवयवाबद्दल दिलेले खोटे आश्वासन आहे. राल्फ नेडर यांचे गाड्यांच्या सुरक्षिततेवरचे पुस्तक ‘अनसेफ अ‍ॅट एनी स्पीड’ 1965 ला आले, सप्टेंबर 1966 मध्ये अमेरिकेत वाहन सुरक्षेचा कायदा झाला. रूपासाठी सुरक्षितता मागे टाकली जाते ही तक्रार तेव्हाच उघडपणे मांडली गेली होती. त्याच काळात खोटे स्कूप वाढत होते. मला 1969 च्या कॅमॅरोचे रूप आवडते, कल्ल्यांसकट आवडते. पण त्याच गाडीला चारही चाकांना डिस्क ब्रेक देण्याची सोय यादीत होती आणि ती घेतलेल्या गाड्या अवघ्या 206 निघाल्या, हेही त्या कल्ल्यांकडे पाहताना आठवत राहते. 2010 च्या नव्या कॅमॅरोवर ते कल्ले पुन्हा आले, तेही बंदच.

ज्यांच्याकडे अशी जुनी गाडी आहे, किंवा जे परदेशात राहून एखादी सांभाळत आहेत, त्यांना एवढेच सांगावेसे वाटते की बंद स्कूप उघडण्यासाठी मूळ पत्र्याला हात लावू नका. तो शोभेचा आहे, त्याला शोभेचा राहू द्या. कापल्याने ब्रेक सुधारणार नाही आणि गाडीचा अस्सलपणा जाईल. गाडी जोरात किंवा डोंगरात चालवायची असेल तर आधी ब्रेक ऑइल बदला, मग लायनर तपासा, मग पुढच्या चाकांना डिस्क बसवण्याचा विचार करा. एवढे करूनही शर्यतीच्या मार्गावर ब्रेक तापत असतील तरच बंपरखालून हवा घेऊन नळीने डिस्कच्या मध्यावर सोडा. प्रदर्शनात एखादी मसल कार पाहायला मिळाली तर स्कूपच्या तोंडाशी थांबू नका, खाली वाकून पुढच्या चाकामागे पाहा. तिथे नळी दिसली तर त्या गाडीचे ब्रेक थंड करण्याचा कोणीतरी खरोखर विचार केला होता.